लेस्टरची मोरी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय काय पाहिलं? लंडन मी बसच्या खिडकीतून पाहिलं. राणीचा राजवाडा पुढच्या सीटवरच्या बाईंच्या टोपीआडून पाहिला. रोज, नीट, बारकाईने पाहिली ती एक बाथरूम, आणि तिचं वर्णन मी करू शकते. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या महिला मंडळात ते एकदा करून झालं. बायका माना हलवत होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. एवढं भाडं खर्चून ही न्हाणीघर बघायला गेली होती, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तर ते खरंच आहे.

निघताना

आमची एकुलती एक मुलगी माधुरी लग्न होऊन इंग्लंडात गेली त्याला चार वर्षं झाली होती. जावई अशोक हा इतवारीतल्या भांडेवाल्यांचा मुलगा. घरचा धंदा सोडून तो लेस्टर नावाच्या गावात मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. माधुरी तिथल्या दवाखान्यात रक्त तपासते. त्या वर्षी त्यांनी तिकडे स्वतःचं घर घेतलं आणि तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिला येता येईना, म्हणून माहेरच उठून तिच्याकडे गेलं.

माहेर म्हणजे मी आणि हे. हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नागपूरच्या आसपासचे कितीतरी पूल आणि शाळा ह्यांनी बांधल्या, म्हणजे छत्रीच्या टोकाने दाखवून बांधून घेतल्या. विमानाची तिकिटं त्यांनी स्वतःच्या फंडातून काढली. जावयाने "मी पाठवतो" म्हटलं होतं, त्याला ह्यांनी असं उत्तर लिहिलं की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याला कारण होतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. धरमपेठेत आता ती कोणी पाळत नाही. लोक चहा-बिस्किटापासून सुरुवात करतात आणि श्रीखंडापर्यंत पोचतात. पण हे मूळचे नागपूरजवळच्या कुही गावचे, तिथे अजून पाळतात. तेव्हा पेटीत कपडे कमी आणि कुहीच्या शेतातले दिरांनी दिलेले तांदूळ, तूरडाळ, कणीक, तिखट असा शिधा जास्त. वर एक पाट आणि इतवारीतून घेतलेला तांब्या.

लंडनला विमानतळावरच्या साहेबाने पेटी उघडायला लावली. तांदळात हात घालून पाहिला.

"तुमच्या मुलीकडे जेवायला मिळत नाही का?" त्याने विचारलं.

"मिळते," हे इंग्रजीत म्हणाले. "पण आम्ही खात नाही."

साहेबाने थोडा विचार केला आणि पेटी बंद केली.

पाण्याचा प्रश्न ह्यांनी विमानातच सोडवला होता. पाणी नगरपालिकेचं असतं, जावयाचं नसतं. तिकडे पाणीपट्टी जावई भरतो हे त्यांना पुढे कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

कोरडी बाथरूम

नागपूर नुकतंच भट्टीतून बाहेर निघालं होतं तेव्हा आम्ही निघालो, आणि इंग्लंडात त्या उन्हाळ्यात पाऊसच नव्हता. लोक घाबरले होते. टीव्हीवर एक माणूस गंभीर चेहऱ्याने सांगत होता की दुपारी उन्हात जाऊ नका आणि पाणी जपून वापरा. हे मागच्या अंगणात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून उभे होते.

"यायले याच्यात गरम होऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

घर म्हणजे एका रांगेत एकमेकांना चिकटलेल्या घरांपैकी एक. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि बाथरूम. माधुरी पोटावर हात ठेवून जिना चढली आणि कौतुकाने एकेक दार उघडून दाखवलं. बाथरूममध्ये गुलाबी टब होता आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोरपंखी गालिचा होता. मी चप्पल बाहेर काढली. हे दारात थांबले, मग वाकून टबाच्या मागे पाहिलं, मग दाराच्या मागे पाहिलं.

"मोरी कुठे आहे?"

"मोरी नसते इथे, मामाजी," अशोक म्हणाला.

"मग पाणी कुठून जाते?"

"जात नाही. पडतच नाही."

आपल्याकडे बाथरूम म्हणजे पाणी पडायची जागा. तिकडे घरभर कुठेही पाणी सांडलं तर पुसून घेतात, पण बाथरूममध्ये सांडलं तर चेहरे पडतात. हे समजायला मला आठवडा लागला. ह्यांना तेवढा वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अशोक कामावर गेला, माधुरी दवाखान्यात तपासणीला गेली आणि हे आंघोळीला गेले. टबात पाणी भरून त्यात बसणं म्हणजे स्वतःच्याच मळात बसणं, ते शक्य नव्हतं. टबात उभं राहून अंगावर पाणी घ्या, असं जावयाने सांगितलं होतं. पण हे जन्मभर पाटावर बसून आंघोळ करत आले, आणि पाट काही टबात बसेना. ओव्हरसियर माणूस, त्यांनी काळजी घेतली. गालिचा उचकटून गुंडाळी करून जिन्यात ठेवला. खाली लाकडी फळ्या होत्या. फळ्यांमध्ये फटी होत्या. त्या फटी पाणी जायला ठेवल्या आहेत असं ते समजले, आणि इंग्रजांची व्यवस्था म्हणून त्यांना जरा बरंही वाटलं. मग पाट मांडून त्यांनी दोन बादल्या पाण्याने सावकाश आंघोळ केली.

मी खाली पोळ्या करत होते. तव्यावर थेंब पडून चर्र झालं. मी वर पाहिलं. छताला पोपडा धरला होता, तो बघता बघता पोटासारखा फुगला. मी मागे सरले आणि ते छत, चुना, काटक्या, शंभर वर्षांची धूळ सगळं घेऊन, एका तुकड्यात शेगडीवर आलं. शेगडीवर दोन कुकर होते, एक आमच्या शिध्याचा आणि एक त्यांच्या घरचा. दोन्ही सारखेच गाडले गेले.

वरून ह्यांचा आवाज आता अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

"टॉवेल दे वं."

रॉन

प्लंबरचं नाव रॉन. तो स्वतःच्या मोटारीतून आला; आमच्याकडे मोटारीतून एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर येतो. आल्यावर त्याने आधी चहा घेतला. चहा पिता पिता त्याने ह्यांना नाव विचारलं आणि लगेच त्या नावाने हाक मारली. बत्तीस वर्षांच्या संसारात जे नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते त्या माणसाने साखर ढवळताना घेतलं. इथेही मी ते लिहीत नाही.

वर जाऊन त्याने फळ्या उचकटल्या आणि तोंडाने आत हवा ओढली. तिकडचे कारागीर खर्च सांगायच्या आधी अशी हवा ओढतात. खालच्या तुळया आधीच कुजल्या होत्या, जुन्या मालकाने गालिचा टाकून ते झाकलं होतं, असं तो म्हणाला. ह्यांची आंघोळ हे नुसतं निमित्त. पण आता तुळया बदलायच्या, फळ्या बदलायच्या, नळ नव्याने फिरवायचे, छत करायचं. त्याने एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला: चारशे वीस पौंड.

ह्यांनी सोळाने गुणलं. तिथे असेपर्यंत हे कोबीलासुद्धा सोळाने गुणत होते.

"एवढ्यात आपल्याकडे गच्चीवर खोली उतरते," ते म्हणाले. "जिन्यासकट."

त्यातली फळ्या, नळ आणि लाद्यांची किंमत किरकोळ होती. बाकीची सगळी मजुरी, थोडी रॉनची आणि बरीचशी त्याच्या मजुराची. आपल्याकडे मिस्त्री दारात बसून असतो आणि नळाची तोटी आणायला माणूस इतवारीत फेऱ्या मारतो. तिकडे तोटी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि माणूस मिळत नाही.

 माधुरी ती चिठ्ठी वाचून नुसती घडी घालत बसली. ते पैसे त्यांनी दुसऱ्या कामासाठी बाजूला ठेवले होते. बाळ झाल्यावर माधुरी बिनपगारी रजा घेऊन थंडी संपेपर्यंत घरी राहणार होती. आता सुट्टीचे मोजके आठवडे संपले की बाळाला कोणा बाईकडे ठेवून ती रक्त तपासायला जाणार, हे त्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं, पण चौघांनाही वाचता आलं.

"माह्यामुळे झालं. पैसे मी देतो," हे म्हणाले.

"कुठून देता, मामाजी?" अशोकने हळूच विचारलं.

सरकार तेव्हा परदेशी जाणाऱ्याला जेमतेम टॅक्सीपुरतेच पौंड नेऊ द्यायचं. ह्यांचे पैसे नागपुरात होते, आणि नागपूरच्या बाहेर ते येऊ शकत नव्हते. लेकीच्या घरचा घास नको म्हणून तांदूळ घेऊन आलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी तिची बाथरूम, छतासकट, खाल्ली होती. असं मी म्हणते.  त्या दिवसापासून हे स्वतःच्या पेटीतला भातही अर्धाच घेऊ लागले, आणि मला त्यांचं फार वाईट वाटू लागलं.

चौथ्या दिवशी त्यांनी रॉनला विचारलं, "यातून मजूर काढून टाकला तर?"

रॉनने विचारलं, मग ओझी कोण वाहणार, माल कोण कालवणार, लाद्या कोण बसवणार?

ह्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि स्वेटर काढला.

गुलाबांना पाणी

बांधकामात जन्म गेलेल्या ह्या माणसाने तोवर घमेलं उचललं नव्हतं. माल किती कालवायचा ते त्यांना तोंडपाठ होतं, पण हाताने कालवला तर तो हाताला चिकटून राहायचा. पहिल्या रांगेतल्या लाद्या सकाळी बसवल्या त्या संध्याकाळी खाली आल्या. रॉन त्यांना हात लावायचा नाही. "तू साहेब होतास ना? मग काय चुकलं ते सांग," म्हणायचा, आणि चहा घ्यायचा. हे त्याच्याशी चिडले की नागपुरीत बोलायचे.

"हसून काहून राहिला गा? दोन्ही हात घाल की."

रॉन म्हणायचा, "बरोबर आहे," आणि हात घालायचा नाही. त्या दोघांचं भांडण कधीच झालं नाही, कारण कोणाला कोणाचं समजत नव्हतं.

बाथरूम उघडी पडल्यावर आंघोळीचा प्रश्न आला. आम्ही बायका शेजारच्या मिसेस पार्करांकडे जायचो. त्या एकट्या राहायच्या, सत्तरीच्या. ह्यांनी मात्र कुहीला करतात तसं केलं: सकाळी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर मागच्या अंगणात पाट टाकला आणि बादली घेतली. दोन दिवसांनी मिसेस पार्कर कुंपणाशी आल्या. आता ही तक्रार, असं माधुरीला वाटलं आणि ती आधीच माफी मागायला लागली. पण बाईंचं म्हणणं वेगळं होतं. बागेला नळी लावायला त्या वर्षी मनाई होती, गुलाब वाळत चालले होते, आणि वापरलेलं पाणी घालायला मात्र मुभा होती. तर तुमच्या वडिलांना आमच्या बाजूला आंघोळ करता येईल का?

मग हे रोज सकाळी पाट, तांब्या आणि बादली घेऊन कुंपणापलीकडे जाऊ लागले. बाई स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खिडकीतून विनंती केली की उद्या जरा डावीकडच्या झाडाजवळ बसावं.

कसायाकडची जाळी

खरा पेच मोरीचा पडला. हे म्हणाले, जमिनीला ढाळ आणि कोपऱ्यात मोरी हवीच. रॉनने पहिल्यांदा चहाचा कप खाली ठेवला. वरच्या मजल्यावर जमिनीला भोक पाडायचं? आपण सगळं करतोय ते पाणी खाली जाऊ नये म्हणून, आणि तुम्ही त्याला रस्ता करून देता? शिवाय टब आहे की.

तेव्हा मी वर गेले. इतके दिवस मी गप्प होते, पण बाळंतीण माझी होती. मी मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीत सांगून पाहिलं, ते त्याला समजलं नाही. मग पदर खोचून मी उघड्या फळ्यांवर पाय लांब करून बसले, शेजारची प्लास्टरची लहान पिशवी उचलून दोन्ही पायांवर आडवी घेतली आणि तिला तेल लावलं. छाती, पाठ, हात, पाय. पिशवीला जिथे नाक असतं तिथे हाताचा आडोसा धरून वरून पाणी ओतलं, म्हणजे ओतल्यासारखं केलं. मग पालथी घालून पुन्हा.

रॉन बघत राहिला.

"माझी बायको मुलांना बेसिनमध्ये धुवायची," तो म्हणाला.

"आणि बायकोला कोण आंघोळ घालायचं?" मी विचारलं. "तिला कोणी तेल लावून, शेक देऊन, गरम पाणी घातलं का?"

 तो म्हणाला, नाही, तिला कोणीच नाही घातलं. ती तिसऱ्या दिवशी दुकानात कामाला गेली. आणि खाली निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो शिशाचा पत्रा आणि एक जड लोखंडी जाळी घेऊन आला. पत्रा फळ्यांवर अंथरायचा, त्यावर ढाळ देऊन सिमेंट, त्यावर लाद्या, आणि कोपऱ्यातून नळी भिंतीबाहेर. अशी जमीन त्याने एका दुकानात केलेली होती. कसल्या दुकानात, ते मी विचारलं. कसायाच्या. तिथे रोज पाणी मारून धुवावं लागतं. जाळीही तिथलीच, जुनी. हे माझ्याकडे बघत राहिले. मी ती जाळी पाच वेळा घासली आणि माधुरीला सांगितलं की नवी आहे.

आता सगळी घाई होती. ढाळ ह्यांनी स्वतः दिला. ओट्यावरून संत्रं आणून जमिनीवर सोडायचे, ते घरंगळत मोरीशी जाईपर्यंत समाधान होत नव्हतं. दोनदा उखडून पुन्हा केलं. शेवटची रांग लावत होते तेव्हा माधुरीला कळा सुरू झाल्या. अशोक तिला घेऊन गेला. मी मागोमाग निघाले, तर हे गुडघ्यांवर बसलेले, हातात गवंड्याची करणी.

"चला ना," मी म्हटलं.

"तू जा वं. हे वाळाले पाहिजे."

मुलगी झाली. काळ्याभोर केसांची, रागीट. दवाखान्यात माधुरी दमून पडली होती. तिने पहिल्यांदा विचारलं, "बाबा नाही आले?" मी सांगितलं की बाबा तुझ्यासाठी जमीन वाळवून राहिले आहेत. वर्तमानपत्राने वारा घालून राहिले आहेत, हे सांगितलं नाही. ती हसली आणि झोपली.

पाणी

माधुरी बाळाला घेऊन घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ. मी पाणी तापवलं, तेल कोमट केलं, पाटावर बसले. लाद्या काही सगळ्या एका ओळीत नव्हत्या. खिडकीखालची रांग तर सरळ निघून मध्येच कुठे तरी विचारात पडल्यासारखी होती. पण जमीन होती आणि कोपऱ्यात मोरी होती.

हे वर आलेच नाहीत. ते स्वयंपाकघरात खुर्चीवर उभे राहून नव्या छताला तळहात लावून होते. अशोकने खुर्ची धरली होती.

"ओत," खालून आवाज आला.

मी बाळाच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला. ती टाहो फोडून रडली.

"ओतलं का?"

"ऐकू नाही येत का?" मी म्हटलं.

"आणखी ओत."

बाळाचं झालं, मग बाळंतिणीचं झालं. माझी लेक माझ्यापुढे डोळे मिटून बसली होती आणि मी तिच्या केसांवर ऊन पाणी घालत होते. सातासमुद्रापलीकडे हे माझ्या हातून होईल असं मला वाटलं नव्हतं. माझे डोळे भरले, पण तिथे सगळंच ओलं होतं. पाणी ढाळावरून निघालं, जाळीपाशी गोळा झालं आणि गुळगुळ करत गेलं. खालून कितीतरी वेळ आवाज नव्हता. मग हे म्हणाले, "कोरडं आहे."

रॉनचं बिल आलं होतं. मजुराचे पैसे वगळून, आणि जाळीचे त्याने लावलेच नव्हते. अशोकने ते वाचलं, माधुरीच्या हातात दिलं. ती म्हणाली, थंडी संपेपर्यंत मी घरीच आहे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा एकच कुकर लावला. त्यांच्या घरचे तांदूळ, त्यांच्या घरची डाळ, कोपऱ्यावरच्या दुकानातला कोबी. मूल झालं होतं, रीत संपली होती. पण हे पानावर बसेनात. हात धुऊन बैठकीच्या दारात उभे.

"मले भूक नाही," ते म्हणाले.

माधुरी बाळाला मांडीवर घेऊन टेबलाशी बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "महिनाभर राबले नं तुम्ही इथे? मजुराले जेवू घातल्याशिवाय पाठवतात का आपल्याकडे?"

ह्यांनी थोडा विचार केला. मजुराचं जेवण ही गोष्ट त्यांच्या खात्यातली होती. ते येऊन बसले. मी वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. आम्ही तिघं बघत होतो. आमच्या शिध्यावर जेवत होते तेवढे दिवस त्यांनी पानाला एकदाही नाव ठेवलं नव्हतं. नागपुरातल्या आमच्या घरी मात्र त्यांचं एकही जेवण त्याशिवाय झालेलं मला आठवत नाही.

"भाजीत मीठ कमी आहे," ते म्हणाले.

माधुरीने मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली आणि तोंड बाळाच्या दुपट्यात खुपसलं. बराच वेळ तिने ते वर केलं नाही.

मीठ बरोबर होतं. भाजी मीच केली होती.